खांबाचं कुंकू

पिकअप अकोल्याच्या मैदानाबाहेर थांबली, तेव्हा सगळ्यात आधी खाली उतरला तो लाडवांचा डबा. मग बनुबाईंचं पितळी ताट, मग हार ठेवलेली पिशवी, मग स्वतः बनुबाई. आणि त्यांच्या पाठोपाठ, तीन तास ताडपत्रीवर बसून अंग आंबलेलं अख्खं घर.

"बाई बाई, काय ह्यो हिरवा रंग!" रस्त्याकडेच्या हिरव्यागार भातखाचरांकडे बघत बनुबाई म्हणाल्या. "आन् आपल्याकडं आजून टँकरची वाट बघत्यात. राम, हितंच एक एकर घे रं."

"घेतो की," त्यांचा धाकटा राम म्हणाला. "आधी तुझी नात जिंकू दे. बक्षीस म्हणून मागू."

रामची बायको प्रणिता शेवटी उतरली. संगमनेर मागे पडल्यापासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सगळ्या गाडीला जे ठाऊक नव्हतं, ते तिला एकटीला ठाऊक होतं: तिची मुलगी ज्ञानेश्वरी आज मैदानात उतरणार नव्हती. आणि ती उतरू नये याची व्यवस्था दुसऱ्या कोणी नाही, खुद्द तिच्या आईनेच केलेली होती.

शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. नववीतल्या ज्ञानूची खो-खोच्या संघात निवड झाली आणि प्रणिताने त्याच रात्री, बी.ए.ला असताना उत्तरपत्रिका लिहायची तशा सुवाच्य अक्षरात, खेळाच्या बिभीषण सरांना दोन पानी पत्र लिहिलं. सहावीत शाळेच्याच पटांगणात, प्रणिताच्या डोळ्यांसमोर पडून ज्ञानूच्या उजव्या कोपराचे दोन तुकडे झाले होते. आत अजून तार होती. नगरच्या डॉक्टरांनी आता काही हरकत नाही म्हणून सांगितलं होतं खरं, पण ते पोर त्यांच्या हातात किंचाळलं नव्हतं, प्रणिताच्या हातात किंचाळलं होतं. 'तिचं मन मोडू नये म्हणून तिला संघात जरूर ठेवावे,' तिने लिहिलं होतं, 'परंतु प्रत्यक्ष सामन्यात खेळवू नये. आणि ही विनंती कृपया तिला कळू देऊ नये.'

सरांनी विनंती पाळली. बारा जणींच्या यादीत ज्ञानूचं नाव, कायम राखीव. तालुक्याला राखीव, जिल्ह्याच्या पहिल्या फेऱ्यांना राखीव. घरी येऊन ती एवढंच सांगायची, "जिंकलो." बनुबाई ते 'जिंकली' असं ऐकायच्या आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. जिल्ह्याची अंतिम फेरी आली तेव्हा म्हणाल्या, "समद्यांनी जायचं." घरात सासूबाईंचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. शेतावरून थोरल्या दिरांचा पोरगा गोरक्ष पिकअप घेऊन आला, आणि प्रणिता साडीच्या निऱ्या तीनतीनदा सारख्या करत बसली.

मैदानाच्या कडेला सतरंजी पडली. मधल्या पाटीवर आळीपाळीने उलट्या दिशांना तोंडं करून अकोल्याच्या आठ मुली बसल्या, नववी पाठलागाला उभी राहिली, आणि शिट्टी वाजली. पारनेरकडच्या, म्हणजे ज्ञानूच्या संघातल्या, मुली तिघी-तिघींच्या तुकड्यांनी आत जाऊन पळू लागल्या.

"आपली कुठंय?" बनुबाईंनी कपाळावर हात धरला.

"येईल की पुढच्या तुकडीत," राम म्हणाला.

पुढच्या तुकडीत आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्ञानू पलीकडच्या बाकासमोर गुडघ्यावर बसली होती. बाद होऊन येणाऱ्या प्रत्येकीला पाणी देत होती, एकीच्या बुटाची नाडी बांधत होती, आणि मधूनच मैदानाकडे बघून ओरडत होती, "अनन्या, खांब सोड! खांब सोड!" तिच्या मांडीवर एक छोटी वही उघडी होती.

"पानी वाटायला नेलीय व्हय पोरगी?" थोरली जाऊ रतनबाई म्हणाली. रतनबाईला हे प्रकरण पहिल्यापासून पसंत नव्हतं. वयात आलेल्या पोरीने अर्ध्या चड्डीत हजार माणसांत पळावं, यावरून श्रावणात दोघी जावांचं चांगलं वाजलं होतं. "चार तास हाडं खिळखिळी करून आलो आमी. घरी काय हांडे कमी हुते?"

"तीन तास," राम म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमी पुढं बसला हुता."

थोरले दीर मच्छिंद्र मैदानाकडे बघत होते. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. ते चिडले की टोपी काढून घालत. पाचव्यांदा घातली की समजायचं, आता उठणार.

अकोल्याच्या मुलींनी नऊ गडी बाद केले. डाव बदलला. आता पारनेरकडच्या मुली पाठलाग करणार म्हणून मधल्या पाटीवर येऊन बसायला लागल्या, आणि तेवढ्यात सगळ्यांची नजर चुकवून बनुबाई ताट घेऊन सरळ मैदानात गेल्या. घरात नवा नांगर आला, नवी मोटार आली, अगदी रामचं दूध मोजायचं मशीन आलं तरी त्याला पहिलं कुंकू बनुबाईंचं. आता खांब आपला झाला होता. मग तो बोडका कसा ठेवायचा? त्यांनी दोन्ही खांबांना हात जोडले, हळद वाहिली आणि बोटं बुडवबुडवून कंबरेपासून डोक्यापर्यंत घसघशीत कुंकू फासलं. पंच टेबलापाशी गुण लिहीत होते. त्यांनी वर पाहिलं तेव्हा आजी परत सतरंजीवर येऊन बसल्या होत्या आणि डब्यातले लाडू मोजत होत्या.

शिट्टी झाली. खो-खोत पाठलाग करणारीला वळायचं तर खांबाशी यावंच लागतं. पहिली मुलगी धावत आली, खांबाला हात घालून वळली आणि बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!" पांढऱ्याशुभ्र जर्सीवर पाच बोटं लालभडक उमटली. ती उठली, पळाली, खांबाला वळली, तिने तिसरीच्या पाठीवर तोच हात मारला. दोन मिनिटांत सगळ्या संघाच्या पाठी अशा दिसू लागल्या की पंचांना वाटलं कुणालातरी लागलं. त्यांनी खेळ थांबवला.

"हे काय आहे? कुणी लावलं हे?"

"देवीचं हाय," बनुबाई जागेवरूनच म्हणाल्या. "त्यानं काय कोन पडत न्हाई."

मैदानात हशा पिकला. पंच हसू दाबत म्हणाले, "आजी, पडत नाही, घसरतं. पुसा लवकर."

उठणार कोण? प्रणिता उठली. बाटलीतलं पाणी ओतून, ओल्या टॉवेलने तिने दोन्ही खांब खसाखसा पुसले. परत येताना ती ज्ञानूच्या बाकाजवळून गेली. पोरीने वर बघून एवढंच म्हटलं, "मम्मी, उन्हात नको थांबूस," आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. प्रणिताला वहीत ओझरतं दिसलं: निळी रिबन, आणि शेजारी खांबाचं चित्र, डावीकडे बाण.

दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी सायकल दिली नाही म्हणून दुपारभर कांद्याच्या चाळीत कडी लावून बसली होती. बाहेरून सगळं घर विनवण्या करत होतं आणि आतून कांदे फेकल्याचे आवाज येत होते. तिला आता काय झालं होतं? पाच महिने बाकावर बसून एकदाही आदळआपट नाही. प्रणिताने मनाशी म्हटलं, समज आली. मग मनानेच विचारलं, कशाने?

डाव संपला. आपले सात, त्यांचे नऊ. मध्यंतर झालं आणि मच्छिंद्रनी पाचव्यांदा टोपी घातली.

"म्या बघून येतो त्या मास्तरकडं," ते उठत म्हणाले. "कुनाच्या पोरींची वर्णी लागलीय ते तरी कळू दे. नऊच्या नऊ बाद झाल्या, आन् आपली पानी वाटतीय. घरच्या म्हातारीला शंभर किलोमीटर आनलंय म्या."

"जा जा, सांगाच!" रतनबाई एकदम नवऱ्याच्या बाजूने झाली. सकाळपर्यंत जिने पोरीच्या खेळाला नावं ठेवली, ती आता पदर खोचून उभी. "आपली काय वाऱ्यावर पडलीय का? सकाळी पाच वाजता उठती ती. म्या बघितलंय, व्हय. गोठ्यातून दिसतं मला."

"दादा, आधी विचारू तर," राम म्हणाला, पण मच्छिंद्र निघालेसुद्धा. त्यांची चाल प्रणिताला माहीत होती. मागच्या वर्षी दूध संकलनाच्या माणसाशी असंच 'बघून येतो' म्हणून गेले होते आणि आठ दिवस दूध नाकारलं गेलं होतं. आज ते सरांना चार लोकांत बोलणार होते. बिभीषण सर, ज्यांनी एका आईचं पत्र पाळलं, एवढाच ज्यांचा गुन्हा.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत प्रणिताने थोरल्या दिरांना कधी मोठ्याने हाक मारली नव्हती. जे सांगायचं ते सासूबाईंमार्फत, नाहीतर दाराआडून. माहेरी नगरला ती वक्तृत्वाची बक्षिसं मिळवायची, पण इथल्या घराचा आवाज तिने स्वतःच्या आवाजापेक्षा थोडा वरच ठेवला होता.

"दादा! थांबा!"

अर्धं मैदान वळलं. मच्छिंद्र थांबले, ते बहुधा हाक कुणाची हेच न कळल्यामुळे.

"सरांची चूक नाही," ती धापा टाकत त्यांच्यापर्यंत पोचली. मागून राम आणि रतनबाई आले. काठी टेकत बनुबाईही आल्या. "मी पत्र लिहिलं होतं सरांना. जूनमध्ये. तिला खेळवू नका म्हणून. मीच."

शेजारी कुणीतरी भेळ मागत होतं.

"मला सांगितलं नाहीस," राम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त लागलं.

"तुम्ही हो म्हणाला असतात. खेळू दे म्हणाला असतात. मला रोज रात्री तो कोपराचा आवाज येतो हो. तुम्ही तेव्हा नगरला दूध घेऊन गेला होतात. मी होते तिथे."

"आन् आमी?" मच्छिंद्र टोपी हातात धरूनच म्हणाले. "गाडीभर मानसं घिऊन आलो, हार घिऊन आलो, ते बाकड्याला घालायला?"

त्यांचा आवाज चढू लागला तशी रतनबाई मध्ये आली. प्रणिताला वाटलं, आता श्रावणातलं सगळं निघणार. पण रतनबाई नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली होती.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "म्या बी हेच केलंय."

"काय केलंय?"

"गोरक्षला पळायच्या शाळेत घेत हुते. आठवीत. लोनीला ऱ्हायाचं हुतं. तुमी हो म्हनला हुता. म्या त्याला म्हनलं, तू गेलास तर म्या जेवनार न्हाई. त्यो गेला न्हाई. तुमाला वाटलं, पोराचंच मन न्हाई. म्या वाटू दिलं." तिने पदराने नाक पुसलं. "आज सकाळपासून स्टेरिंगवर बसलाय. पोरींचं पळनं बघाया उतरला बी न्हाई गाडीतनं. मला कळत न्हाई का ते."

सगळ्यांनी पिकअपकडे पाहिलं. गोरक्ष उतरला नव्हता हे खरं, पण टपावर चढून बसला होता आणि तिथून सगळं मैदान त्याला दिसत होतं.

बनुबाईंनी काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं. "झालं का दोघींचं? आता रडायला येळ न्हाई. शिट्टी हुईल. प्रनिता, तू लिव्हलंस ना? मंग पुसायचं बी तूच. जा."

बिभीषण सर बाकाशी यादी हातात घेऊन उभे होते. शिडशिडीत, उन्हाने रापलेले, खिशात दोन पेनं.

"सर, मी ज्ञानेश्वरीची..."

"ओळखलं, ताई. खांब छान पुसलात."

"सर, ते पत्र... ते नाही असं समजा. तिला घेता येईल का अजून? तिला कळू न देता तुम्ही इतके दिवस..."

सरांनी तिच्याकडे जरा नवलाने बघितलं. "ताई, तिला ठाऊक आहे. मी ते पत्र त्याच दिवशी तिच्या हातात दिलं होतं. तुम्ही लिहिलं होतं देऊ नका म्हणून, पण मी पोरींपासून लपवून संघ चालवत नाही. तिथं माझीही चूक धरा."

"पाच महिने ठाऊक आहे?"

"वाचलं, घडी घातली, दप्तरात ठेवलं. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी माझ्याशी भांडली. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, सर, मी राखीव बसते, पण सराव पूर्ण करणार. मी म्हटलं, आईशी बोल. तर म्हणाली, मी बोलले तर मम्मी हो म्हणेल, पण झोपणार नाही. ती आपणहून सांगेपर्यंत थांबते." सर हसले. "मग मला शिकवायला लागली. म्हणे, सर, तुम्हीच सांगता ना, खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाऊल."

बाकासमोर बारा मुली पाणी पीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. पांढऱ्या जर्सी, आणि जवळपास प्रत्येक पाठीवर कुंकवाच्या बोटांचे ठसे, एकावर एक, तिरके, पुसटलेले. बाकीच्या दोघी राखिवांनीही हौसेने एकमेकींना उमटवून घेतले होते. एकच पाठ कोरी होती.

प्रणिताने आपला हात पाहिला. खांब पुसताना तळवा मनगटापर्यंत लाल झाला होता. तिला बोलायचं होतं, सॉरी म्हणायचं होतं, कोपराला क्रेप बँडेज बांधलंस का विचारायचं होतं. पर्समध्ये दोन होती. यातलं काहीच तिने केलं नाही. ती मुलीच्या मागे जाऊन उभी राहिली, वाकली, आणि तिने आपला तळवा त्या कोऱ्या पाठीवर ठेवला. पाठ घामेजलेली होती, आणि हाताखाली तिचा श्वास वरखाली होत होता. कितीतरी वेळ प्रणिताच्या तोंडून शब्द फुटेना.

"खो," ती शेवटी म्हणाली.

ज्ञानूने मान वळवली नाही. ती उठली.

पुढचं सगळं प्रणिताने उभं राहूनच पाहिलं. सतरंजीवर बसणं तिला जमलं नाही. आधी अकोल्याचा पाठलाग. ज्ञानू दुसऱ्या तुकडीत आत गेली, दीड मिनिट पळाली, आणि हुकवायला म्हणून जी झेप घेतली, त्यात नेमकी उजव्या हातावर आपटली. प्रणिताचा हात रतनबाईच्या हातात होता. तो रतनबाईने असा दाबला की बांगडी पिचली.

"उठली," रतनबाई म्हणाली. "बघ, उठली. डोळे उघड."

ती उठली होती. बाद झाली होती, कोपराला माती लागली होती, आणि बाहेर जाताना आत येणाऱ्या मुलीच्या कानात काहीतरी सांगत होती.

अकोल्याला पाचच मिळाले. म्हणजे एकूण चौदा. आपल्याला जिंकायला आठ हवे होते. आता घरातला प्रत्येक माणूस मोजत होता. मच्छिंद्र टोपी हातात घेऊन मोजत होते, गोरक्ष टपावरून ओरडून मोजत होता, बनुबाईंचं मोजणं दोनने पुढे होतं आणि त्या ऐकायला तयार नव्हत्या. चार. पाच. सहा. अनन्या नावाच्या उंच मुलीने सातवा गडी खांबाशी झेप घेऊन टिपला, तेव्हा बरोबरी झाली आणि अर्धं मिनिट उरलं.

समोर निळी रिबन लावलेली मुलगी. दिवसभर ती एकदाच बाद झाली होती. पाठलागावर ज्ञानू. दोघी खांबाच्या दिशेने निघाल्या, आणि अंतर हातभर झालं, वीतभर झालं.

"धर!" मच्छिंद्र ओरडले. "धर धर धर!"

ज्ञानूने धरलं नाही. खांबापासून दोन जागा अलीकडे ती अचानक वाकली, बसलेल्या अनन्याच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणाली, आणि तिच्या जागेवर मुकाट्याने बसली.

"अरं देवा! हातात हुती की!"

निळी रिबन नेहमीसारखी खांबाला डावीकडे वळली. वळली ती थेट उठून उभ्या राहिलेल्या अनन्याच्या हातात.

शिट्टीचा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. बनुबाईंनी हार कुणाला घालायचा म्हणून विचारलं नाही; जवळ आला त्या पहिल्या गळ्यात घातला, तो पंचांचा निघाला. लाडवांचा डबा दोन्ही संघांत फिरला. निळ्या रिबनवालीने डोळे पुसत दोन घेतले.

"पन म्या म्हनतो, सोडली का?" मच्छिंद्र अजून तिथेच होते. "गुन आपल्या नावावर लागला असता की! त्या उंच पोरीच्या लागला."

"सोडली नाही, दादा," प्रणिता म्हणाली. आता तिला त्यांच्याशी बोलताना दाराचा आडोसा शोधावा लागला नाही. "ती खांबाला डावीकडेच वळते. ज्ञानू त्या बाजूला जाऊ शकत नव्हती, खांबापर्यंत गेल्याशिवाय मधली पाटी ओलांडता येत नाही. अनन्याचं तोंड तिकडे होतं. बाकावर बसून बसून तिने पाहून ठेवलं होतं."

मच्छिंद्रनी टोपी डोक्यावर घातली. पण हळूच, एकदाच. "तुमाला बरं ठावं," ते म्हणाले, आणि गोरक्षला खाली उतरवून घ्यायला पिकअपकडे गेले. थोडा वेळ बापलेक गाडीच्या पलीकडे उभे होते. काय बोलले ते कळलं नाही, पण परतताना गाडी मच्छिंद्रनी चालवली आणि गोरक्ष मागे सगळ्यांत बसून सामना पहिल्यापासून सांगत राहिला.

ताडपत्रीवर प्रणिताच्या शेजारी ज्ञानू पाय पसरून बसली होती. सोललेल्या कोपरावर प्रणिताने हळद दाबली, वर बँडेज गुंडाळलं.

"दुखतंय?"

"हो. खूप." आणि मग, लाडू चघळत, "मम्मी, एक सांगू? तू दिलास तो खो पंचांनी बघितला असता तर फाऊल दिला असता."

"का गं?"

"हात आणि शब्द एकदम पाहिजे. तुझा हात आधी आला, शब्द मागून. फार उशीर."

"किती उशीर झाला?"

ज्ञानूने बोटांवर मोजलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

"पाच महिने," ती म्हणाली, आणि लाल ठशाची पाठ आईला टेकवून तिने डोळे मिटले.